गंभीर मानसिक आजार असताना नोकरी: सुरुवात कशी करावी

‘आधी पूर्ण बरा होऊ दे, मग कामाचं बघू,’ असे घरोघरी म्हटले जाते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर या आजारांत मात्र त्या ‘पूर्ण बरे’ची वाट पाहण्यात वर्षे निघून जातात आणि कामाची सवयच मोडते. माझ्या धाकट्या भावाची सहा वर्षे परळच्या आमच्या खोलीत अशीच गेली. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात रुळवलेली पद्धत याच्या उलट चालते: आधी खरी नोकरी आणि मग त्या नोकरीतच शिकवणे व सोबत. लांबलचक पूर्वप्रशिक्षणापेक्षा या मार्गाने अधिक लोक कामाला लागतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून रुग्णाला स्वतःला काम करावेसे वाटत असेल, तर पुढच्याच ओपीडीत डॉक्टरांकडे तो विषय काढावा.

काम निवडताना हुद्द्याआधी वेळ आणि प्रवास पाहावा. ओलान्झापिन, क्वेटियापिन यांसारख्या गोळ्यांची सुस्ती सकाळी उशिरापर्यंत राहू शकते. अशा वेळी गोळी स्वतःहून पुढेमागे न करता डॉक्टरांना विचारावे आणि शक्यतो उशिरा सुरू होणारे काम शोधावे. बायपोलर असेल, तर पगार कितीही चांगला असला तरी रात्रपाळी टाळावी, कारण झोप मोडली की उन्मादाचा, म्हणजे अति उत्साह आणि बेभानपणाचा, झटका येण्याचा धोका वाढतो. बायपोलरवरचे लिथियम हे औषध चालू असणाऱ्याने भट्टीजवळचे किंवा उन्हातले काम घेऊ नये, कारण घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. प्रवासाचे म्हणाल, तर मुंबईत सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडे लोटत असते, म्हणून आम्ही भावासाठी परळच्या उत्तरेला असलेल्या भांडुपला काम पाहिले. उलट्या दिशेच्या लोकलमध्ये त्याला बसायला जागा मिळते. पहिले दोन आठवडे मी सोबत गेले.

आजाराचे नाव सांगावे की नाही, हा निर्णय ज्याचा आजार त्याचाच असावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. पूर्वी एका ठिकाणी भावाने भाबडेपणाने सगळे सांगितले आणि तिसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवले. ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून आम्ही आजार न सांगता गरज सांगतो: ‘सूचना लिहून मिळाल्या तर माझे काम चोख होते, महिन्यातून एका सकाळी रुग्णालयात जावे लागते.’ भांडुपच्या गोदामात सुपरवायझर आधी पाच कामे एका दमात सांगत असत आणि त्यांतली तीन निसटत. आता ते शंभर पानी वहीत लिहून देतात आणि भाऊ प्रत्येक खोके बांधून झाले की लाल पेनाने खूण करतो. मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल खोटे बोलू नये. ‘प्रकृतीमुळे काम थांबले होते, आता उपचार चालू आहेत’ एवढे पुरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी एकत्रित आहे. सरकारी सेवेत असताना आजार उद्भवला, तर त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही. आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) करता येतो. तपासणीत स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी व आजाराचा कालावधी पाहतात. इथे घरचे लोक फार चुकतात. चारचौघांत कमीपणा नको म्हणून आई म्हणते, ‘सगळं स्वतःचं स्वतः करतो’, आणि टक्केवारी घसरते. आंघोळीला किती वेळा सांगावे लागते, तो शेजाऱ्यांशी शेवटचा कधी बोलला, हे जसेच्या तसे सांगावे.

नोकरी लागल्यावर आजार बळावण्याची पहिली चिन्हे, डॉक्टरांचा क्रमांक, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि कामावर कोणी कळवायचे, हे एका कागदावर लिहून ठेवावे. हा कागद प्रकृती बरी असताना, रुग्णाच्याच शब्दांत तयार करावा. आमचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्याची पहिली ओळ भावाच्या अक्षरात आहे: ‘दोन रात्री झोप लागली नाही, तर ताईने सुपरवायझरना फोन करावा.’