रेडिओ-टीव्हीच्या बातमीत यायचंय? कोल्हापुरातनंच सुरुवात करा

बारावी झालेली नाहीतर डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरं-पोरी कायम विचारतात, अँकर व्हायला काय करायला लागतं, पुण्याला जाऊ का मुंबईला, कोर्स कुठला करू, आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात मग ऑडिशन कुठं असते. मी सगळ्यांना एकच सांगतो, आधी कानासाठी लिहायला शिका आणि आपला जिल्हा पाठ करा, माईक आणि कॅमेरा त्याच्या मागनं येतात. चॅनलकडं बोलणारी माणसं ढिगानं येतात. पण पंचगंगा इशारा पातळीवर आली म्हणजे कुठल्या गावाच्या वेशीला पाणी लागणार, कुठला रस्ता बंद होणार, उद्या शाळा भरणार का नाही हे दीड मिनिटात सरळ मराठीत सांगणारा माणूस शोधायला लागतो, आणि तो माणूस कोल्हापुरात राहूनच तयार होतो.

कानासाठी लिहायचं म्हणजे काय ते एका उदाहरणावरनं बघू. समजा जुलै महिना आहे आणि आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा मेसेज ग्रुपवर पडला: "राजाराम बंधारा येथील पाणी पातळी सकाळी ८ वाजता ३८ फूट ४ इंच असून जिल्ह्यातील ६० बंधारे पाण्याखाली गेलेले आहेत. राधानगरी धरणाचे ३ स्वयंचलित दरवाजे उघडले असून धरणातून एकूण ५७८४ क्युसेक विसर्ग सुरू आहे." पेपरला हे जवळजवळ असंच चालतं, वाचणारा परत वर जाऊन आकडा बघतो. रेडिओवरचं वाक्य गेलं की गेलं. बाई भाकरी थापता थापता ऐकणार, माणूस दुधाची किटली घेऊन गाडीवर जाताना ऐकणार, त्यांच्या डोक्यात एका दमात चार आकडे बसत नाहीत. मग ते असं लिहायचं:

"पंचगंगेचं पाणी वाढतंय. राजाराम बंधाऱ्यावर आज सकाळी आठला पाणी अडतीस फुटांच्या वर गेलं. इशारा पातळीला आता एक फूटही उरलेला नाही. राधानगरीचे तीन दरवाजे उघडलेत, त्यामुळं भोगावतीचं पाणी वाढून ते पंचगंगेत येणार आहे. चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांनी जनावरं आणि सामान हलवायची तयारी ठेवावी, असं प्रशासनानं सांगितलंय."

पन्नासेक शब्द आहेत, अर्ध्या मिनिटात आरामात वाचून होतात. आता काय काय बदललं ते बघा. एका वाक्यात एकच गोष्ट आहे, क्युसेकचा आकडा गेला कारण ऐकणाऱ्याला ५७८४ नी काहीच कळत नाही पण 'एक फूटही उरलेला नाही' म्हटलं की गंगावेशीतल्या माणसाला लगेच कळतं. वेळ मात्र ठेवली, कारण पातळी तासातासाला बदलते आणि सकाळचा आकडा दुपारी वाचला तर ती चुकीची बातमी होते. आणि शेवटचं वाक्य प्रशासनानं खरोखर सांगितलं असेल तरच लिहायचं, आपल्या मनानं लोकांना स्थलांतर करायला लावायचं नाही. हे लिहिताना इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे तुम्हाला झोपेतनं उठवून विचारलं तरी यायला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायची गरज नाही, पण नवीन पोरांना पातळी माहीत असते आणि राधानगरी कुठल्या नदीवर हे माहीत नसतं, तिथंच गडबड होते.

तेच टीव्हीला लिहायचं असेल तर अजून कमी लिहा. बंधारा पाण्याखाली गेलेला स्क्रीनवर दिसतोयच, मग 'बंधारा पाण्याखाली गेल्याचे दिसत आहे' हे वाक्य कशाला? दिसत नाही ते सांगा. किती गावांचा संपर्क तुटला, पर्यायी रस्ता कुठला. आकडे ग्राफिक्सला द्या.

रोजचा सराव म्हणून माहिती कार्यालयाचं किंवा महापालिकेचं एक प्रेसनोट घ्या आणि त्यावरनं अर्ध्या मिनिटाची कॉपी, म्हणजे वाचायचा मजकूर, तयार करा. 'सदर', 'सबब', 'उपरोक्त', 'करण्यात आलेले आहे' हे सगळं काढून टाका. रु., कि.मी., डॉ. असलं आखूड लिहू नका, पूर्ण लिहा, मोठे आकडे अक्षरात लिहा, म्हणजे लाईव्ह वाचताना जीभ अडखळत नाही. मग ते मोबाईलवर रेकॉर्ड करा पण लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐका, श्वास कुठं तुटला आणि वाक्याचं शेपूट कुठं खाल्लं ते स्वच्छ ऐकू येतं. वाक्याचा शेवटचा शब्द गिळायची सवय आपल्याकडं भरपूर आहे.

उच्चाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण यावरनं आपल्या भागातली पोरं फार घाबरतात. न आणि ण, श आणि स, ल आणि ळ हे स्वच्छ पाहिजेत, यात सूट नाही, पाणी ते पानी झालं की ऑडिशन तिथंच संपते. पण कोल्हापुरी बोलणं लपवायची लाज बाळगू नका. बुलेटिन वाचताना प्रमाण मराठी, आणि हुपरीच्या चांदी कारागिराशी नाहीतर शिरोळच्या ऊस उत्पादकाशी बोलताना त्याच्यासारखंच बोला, तो तेव्हाच मोकळा होतो. पोरींसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडं पोरी सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, घरात ते गोडच आहे, पण लाईव्हमध्ये 'मी आत्ता बिंदू चौकात आलो आहे' गेलं की स्टुडिओतला अँकर गोंधळतो, तेवढं ठरवून बदलायला लागतं आणि महिनाभरात बदलतं. ऐकायचं कुणाला तर सह्याद्रीच्या सातच्या बातम्या वाचणारे प्रदीप भिडे आणि आकाशवाणी पुण्याच्या सुधा नरवणे, दोघेही आता नाहीत. जुन्या क्लिप मिळतील त्या शोधून ऐका आणि आवाजाची नक्कल न करता ते थांबतात कुठं तेवढं बघा.

आता दारं कुठली उघडी आहेत. रेडिओत बातमी करायची असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या, आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावता येतं, आणि ट्रॅफिक, हवामान, पाणी-वीज, परीक्षा, खेळ, आपत्तीच्या वेळी प्रशासनाच्या सूचना एवढं सांगता येतं. म्हणजे टोमॅटो एफएम नाहीतर मिर्चीवर आरजे होणं हा छान रस्ता आहे, बोलायला आणि वेळ सांभाळायला शिकाल, पण ती पत्रकारिता नाही हे डोक्यात ठेवा. रेडिओची बातमी म्हणजे आकाशवाणीच. कोल्हापूर केंद्र आहे, शेजारी सांगली आहे, प्रादेशिक बातम्या पुण्याहून येतात. शिरायचं कसं तर सुरुवातीला युववाणीसारख्या तरुणांच्या कार्यक्रमात, मग हंगामी निवेदकांच्या पॅनेलवर, त्याला लेखी परीक्षा आणि आवाज चाचणी असते आणि निवडीनंतर वाणी म्हणून छोटा कोर्स करायला लागतो. ड्युट्या महिन्याला मोजक्याच मिळतात, त्यावर घर चालत नाही, हे आधीच धरून चला. वृत्तविभागाच्या पॅनेलला भाषांतर विचारतात, इंग्रजी-हिंदी मजकुराचं चांगलं मराठी पटापट करता आलं पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यात अर्धवेळ वार्ताहर असतात, त्यासाठी पत्रकारितेचा अनुभव मागतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारा माणूस लागतो, त्याच्या जाहिराती प्रसारभारतीच्या वेबसाईटवर येतात, त्या अधूनमधून बघत राहा.

शिक्षणाचं थोडक्यात. शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीच्या आयआयएमसीत (भारतीय जनसंचार संस्थेत) मराठी पत्रकारितेचा कोर्स आहे. कुठंही करा, पण कोर्स चालू असतानाच लोकल केबलच्या न्यूज चॅनलला जाऊन उभं राहा. आपल्या कोल्हापूरला ही एक मोठी सोय आहे, इथलं केबलचं बातमीपत्र घराघरात बघतात आणि तिथं एकच माणूस बातमी आणतो, शूट करतो, कॉपी लिहितो, व्हॉइसओव्हर देतो आणि कधीकधी अँकरिंगही करतो. मुंबईत मोठ्या चॅनलला दोन वर्षं नुसते टिकर (स्क्रीनखाली सरकणाऱ्या ओळी) लिहीत बसण्यापेक्षा हे दहापट शिकवून जातं असं माझं स्पष्ट मत आहे.

फिल्डवर गेल्यावर बाईट, म्हणजे माणसाचं कॅमेऱ्यावरचं बोलणं, कसा घ्यायचा हे कुणी नीट शिकवत नाही. जयसिंगपूरची ऊस परिषद धरा नाहीतर कारखान्याच्या गेटवरचं आंदोलन धरा. आधी एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) म्हणजे काय, रिकव्हरी (उसातनं निघणारी साखर) कशी मोजतात, तोडणी-वाहतूक कुणाच्या पैशातनं जाते हे वाचून जा. तिथं पोहोचलात की माईक लगेच पुढं करू नका, गर्दीचे, बैलगाडीचे, अडवलेल्या ट्रॅक्टरचे शॉट घ्या, प्रत्येक शॉट किमान १० सेकंद हात न हलवता, मोबाईल असला तर आडवा धरून. मग माणूस निवडा, पुढाऱ्याचा बाईट सगळ्यांकडं असणारच आहे, तुम्ही मागं बसलेला दोन एकरवाला शोधा. नाव आणि गाव त्याच्याच तोंडून रेकॉर्डवर घ्या म्हणजे सुपरला (स्क्रीनवरच्या नावाच्या पट्टीत) आडनाव चुकत नाही. 'तुम्हाला काय वाटतंय' असं विचारलं की भाषण येतं. 'गेल्या साली टनाला काय मिळालं, कधी मिळालं' असं विचारलं की बातमी येते. विचारून झालं की गप्प बसा. माणूस थांबतो, इकडंतिकडं बघतो आणि मग खरं बोलतो, ते सेकंद तुमच्या 'हो हो, बरोबर' नी खराब करू नका, ते सगळं माईकमध्ये जातं. वारा असेल तर माईकला फोम लावा आणि निघण्याआधी तिथंच हेडफोन लावून आवाज तपासा.

डेस्कला, म्हणजे चॅनलच्या ऑफिसातल्या संपादकांना, पाठवायचा क्रम पण ठरलेला ठेवा. पहिला फोन, मग तीन ओळी, मग दोन-तीन चांगले शॉट आणि एक बाईट, सविस्तर पॅकेज (शॉट, बाईट आणि तुमचा आवाज जोडलेली पूर्ण स्टोरी) नंतर. सगळं गोळा करून संध्याकाळी पाठवीन म्हणालात तर दुसऱ्या चॅनलवर आधी चालून गेलेलं असतं.

लाईव्हची भीती सगळ्यांना असते. अँकरचा प्रश्न तुमच्या कानात दोन-तीन सेकंद उशिरा येतो, तेवढा वेळ चेहरा शांत ठेवून कॅमेऱ्यात बघत राहायचं, 'हॅलो हॅलो' करायचं नाही. कागदावर फक्त तीन मुद्दे, वाक्यं लिहिलीत की वाचल्यासारखं होतं. पहिल्या उत्तरात सगळ्यात नवीन गोष्ट सांगा, दुसऱ्यात का घडलं, तिसऱ्यात पुढं काय. माहीत नसलेलं विचारलं तर 'याची अधिकृत माहिती अजून यायची आहे' असं सरळ म्हणा. सरावाला अंबाबाईचा किरणोत्सव चांगला आहे, मावळतीची किरणं देवळात मूर्तीकडं येतात तो, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या तारखा ठरलेल्या असतात, किरणं कुठल्या टप्प्यापर्यंत आली आणि का अडली हे बघत बघत बोलायला लागतं. घरी मोबाईलसमोर करून बघा.

काही गोष्टींत मात्र चूक चालत नाही. अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणं गुन्हा आहे, मूल असेल तर पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं) कलम २३ आहे. नुसता चेहरा ब्लर करून भागत नाही, शाळेचं नाव, गल्ली, आईवडिलांचे बाईट, घराचा दरवाजा यातनंही गावाला कळतं. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीच्या प्रचाराचं काय दाखवता येत नाही ते वाचून ठेवा. आणि पुरात घर गेलेल्या माणसाच्या तोंडात माईक खुपसून 'कसं वाटतंय' विचारणाऱ्याला मी पत्रकार मानत नाही. आधी पाणी हवंय का विचारा, कॅमेरा नंतर.

पैशाचं खरं सांगतो. जिल्ह्यात बऱ्याच चॅनलचं काम स्ट्रिंगरवर, म्हणजे स्टोरीमागं पैसे घेणाऱ्या वार्ताहरावर चालतं, पगार नसतो, चाललेल्या स्टोरीमागं पैसे मिळतात आणि ते उशिरा मिळतात. म्हणून पहिली काही वर्षं सोबत अनुवाद, व्हॉइसओव्हर, सूत्रसंचालन असं काहीतरी ठेवा. राजकारण्यांची पीआरची कामं घेऊ नका, एकदा घेतलं की तुमची बातमी गावात कुणी खरी धरत नाही. जो कुणी 'पैसे भरा, प्रेसचं आयकार्ड आणि बूम (चॅनलच्या नावाचा माईक) देतो' म्हणेल त्याच्या दारात परत जाऊ नका. जाहिरातीचं टार्गेट गळ्यात मारणारे पण भेटतील, आधीच स्पष्ट नाही म्हणा.

एखादी बीट, म्हणजे बातम्यांचा एक ठरावीक विषय, घट्ट धरा. सध्या मला विचाराल तर कोर्ट. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या केसेस इथं येतात, आणि आदेश वाचून त्याचा नेमका अर्थ सोप्या मराठीत सांगणारे रिपोर्टर कमी आहेत. लॉ केलेल्या पोरांनी तर हे जरूर धरावं. दुसरी म्हणजे शाहू स्टेडियमचा फुटबॉल, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या मॅचला जी गर्दी असते तिच्या मानानं त्यावर चांगलं काम फार कमी होतं.

सहा-आठ महिने असं काम झालं की शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाचा व्हिडिओ, बनवा, तीन मिनिटांच्या आत. सुरुवात तुमच्या सगळ्यात चांगल्या पीटूसीनं (घटनास्थळावरनं कॅमेऱ्यात बघून बोललेल्या तुकड्यानं) करा, मग लाईव्हचा तुकडा, मग एक पूर्ण पॅकेज ज्यात तुमची स्क्रिप्ट आणि आवाज दोन्ही आहे. म्युझिक आणि चकचकीत टायटल घालू नका, बघणारा इनपुट एडिटर (रिपोर्टरकडनं बातम्या घेणारा संपादक) पहिल्या २० सेकंदांत ठरवतो. मेलमध्ये चार ओळी पुरे: नाव, कुठल्या बीटवर काम केलं, जिल्ह्यात कुठंकुठं पोहोचता येतं, गाडी आणि कॅमेरा स्वतःचा आहे का. सोबत या आठवड्यात इथनं करता येतील अशा तीन स्टोरी आयडिया एकेका ओळीत लिहा, कारण नुसती नोकरी मागणारे मेल त्यांच्याकडं रोज येतात आणि स्टोरी देणारा मेल उघडला जातो. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी नवीन तीन आयडिया पाठवा.