मुंबई ‘ब’ खरखरीशिवाय ऐकायचं तर

आकाशवाणीचं मुंबई ‘ब’, म्हणजे आजची अस्मिता वाहिनी, मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला लागते. जुन्या रेडिओ सेटच्या डायलवर मीटरचे आकडे असतील तर काटा ५३८च्या आसपास न्या. स्टेशन लागतं, पण सोबत खरखर येते. मग आवाज मोठा केला जातो आणि खरखरही मोठी होते. आवाजाच्या बटणाला हात लावायच्या आधी सेट फिरवून बघा, आणि घरातली वीज बंद करून बघा.

सेटची लांब काडी वर ओढून मीडियम वेव्हला काही फायदा नाही. ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. मीडियम वेव्हचं एरियल सेटच्या पोटात असतं: फेराइटची काळपट दांडी आणि तिच्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. बहुतेक सेटांत ती लांबीला समांतर, आडवी बसवलेली असते. दांडीच्या बाजूने येणारं स्टेशन जोरात लागतं, टोकाच्या दिशेचं जवळजवळ गायब होतं. म्हणून सेटचं तोंड किंवा पाठ प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे हवी.

मनोरा कुठे, इथेच गल्लत होते. स्टुडिओ चर्चगेटला, पण प्रक्षेपण होतं मालाडच्या मालवणीतून. अंधेरीत याने फरक पडत नाही, कारण दोन्ही ठिकाणं साधारण एकाच उत्तर-दक्षिण रेषेवर येतात. वाशीत मात्र मालाड वायव्येकडे आणि चर्चगेट नैर्ऋत्येकडे. तिथे सेट चर्चगेटकडे रोखलात तर दांडीचं टोक मालाडकडे वळतं आणि आवाज पडतो. दिशा ठाऊक नसेल तर सर्वात मोठा आवाज शोधत बसू नका. तो बराच फिरवला तरी सारखाच वाटतो. सर्वात बारीक आवाज कुठे होतो ते शोधा, ती जागा नेमकी सापडते. तिथून सेट काटकोनात फिरवला की झालं.

आता घर. १९२७च्या २३ जुलैला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा प्रक्षेपक होता दीड किलोवॉटचा. आजचा १०० किलोवॉट क्षमतेचा आहे, तरी खरखर जास्त, कारण तेव्हा घरात एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर नव्हते. सेट सेलवर चालवा आणि मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर दोष घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक वस्तू लावत जा. स्वस्त एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर आणि पंख्याचा गोल फिरणारा डिमरसारखा रेग्युलेटर हे नेहमीचे संशयित. चार्जर खटक्यातून नुसता बंद करण्यापेक्षा सॉकेटमधून काढा. मेन बंद करूनही खरखर राहिली तर ती शेजारची. दांडीचं टोक तिच्याकडे करून ती दाबता येते, मात्र मनोरा त्याच दिशेला नको. स्लॅबमधल्या सळयाही लहरी अडवतात, म्हणून सेट खिडकीपाशी ठेवा, ग्रिलला टेकवू नका.

एवढ्यानेही भागत नसेल, घर लांब किंवा तळमजल्यावर असेल, तर चौकटीचं एरियल करा. ६४ सेंटीमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या फुलीसारख्या जोडा, म्हणजे चौकोनाची बाजू ४५ सेंटीमीटर येते. चारही टोकांना ९ सेंटीमीटरच्या आडव्या पट्ट्या ठोका आणि त्यांवर ५-५ मिलिमीटरवर खाचा पाडा. साधी प्लॅस्टिक आवरणाची बारीक वायर १६ वेढे गुंडाळा. ३० मीटर पुरते. दोन्ही टोकं ३६५ पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला, म्हणजे स्टेशन लावायला फिरवतात त्या पत्र्यांच्या कंडेन्सरला, जोडा. जुन्या व्हॉल्व्ह सेटमधला ५०० पिकोफॅरडचा गँग मिळाला तर १४ वेढेच घ्या, नाहीतर बँडचं वरचं टोक सुटतं. रेडिओला एकही तार जोडायची नाही. सेट चौकटीच्या मध्याजवळ असा ठेवा की दांडी चौकटीच्या पातळीला काटकोनात येईल, आणि चौकटीची कड मालाडकडे करा. सेटवर ५५८ लावून गँग सावकाश फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो, केसभर पुढे गेला की उतरतो. उसळी कुठेच नसेल तर वेढ्यांत तार तुटली आहे किंवा गँगचे पत्रे एकमेकांना टेकताहेत.

अमेरिकेतून कुणी आणलेल्या डिजिटल सेटवर आणखी एक भानगड. तिथे स्टेशनं १०-१० किलोहर्ट्झवर, आपल्याकडे ९-९वर. १०च्या टप्प्याने ५६० लागतं आणि आवाज नाकातला येतो. नागपूरचं ५८५ तर ५८० आणि ५९०च्या बरोबर मध्ये पडतं. मेनूत किंवा सेलच्या कप्प्यात ९/१०ची निवड असते, ती ९ करा.

दिवसा लहर जमिनीलगत जाते. खाऱ्या पाण्यावरून ती फार कमी झिजते, म्हणून अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर मुंबई स्वच्छ मिळते आणि घाटापलीकडे पडत जाते. तिथे पुण्याचं ७९२ बघा. सूर्यास्तानंतर लांबची स्टेशनं वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतात आणि एकमेकांत मिसळतात. आवाज चढ-उतार करू लागला तर सेट बिघडलेला नाही.

मीडियम वेव्हवर साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा उरत नाही. तंबोऱ्याचा झंकार हरवतो, माणसाचा शब्द मात्र शाबूत राहतो. ‘वनिता मंडळ’ किंवा टेकाडे भाऊजी, मीना वहिनी आणि पंतांचा ‘पुन्हा प्रपंच’ यांसारखे बोलके कार्यक्रम या बँडवर शोभले, त्यात या गुणाचाही वाटा आहे. म्हणून टोन बटण असेल तर बातम्या-श्रुतिकांना उंच ठेवा, गाण्यांना थोडं खाली.

सगळं जमवून झालं की पहाटे सहाच्या आधी सेट लावून बसा. आधी मोकळ्या बँडची खरखर असते. प्रक्षेपक चालू होताच ती एकदम खाली बसते, पण कुणी बोलत नाही. वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली आकाशवाणीची ओळखधून सुरू होईपर्यंत त्या शांततेत जी घरघर ऐकू येईल, ती बहुतेक तुमच्या घरातली. तेव्हाच उठून एकेक प्लग काढा.