कॉलेजच्या गोठ्यावर पहाटेची पाळी

फार्म हॉस्टेलला राहायला आलेल्याने आधी दोन जोड कपडे फक्त गोठ्यासाठी ठेवावेत. ते खोलीत आणायचे नाहीत आणि हॉस्टेलची चप्पल गोठ्यात न्यायची नाही. गमबूट दारातल्या जंतुनाशकात बुडवूनच आत जा.

दूध काढायचा क्रम आदल्या रात्रीच लिहून ठेवा: आधी निरोगी पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेल्या), मग बाकीच्या, दगडी म्हणजे कासदाह (कासेची सूज) झालेली किंवा औषध चालू असलेली गाय सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की कासदाह तुमच्याच हातांनी गोठाभर फिरतो. औषधवाल्या गाईचं दूध वेगळ्या भांड्यात काढा. ते टाकीत मिसळायचं नाही.

कोमट पाण्याने सड धुवा आणि प्रत्येक गाईला वेगळं फडकं घेऊन कोरडे करा. ओल्या सडावरून घाण पाणी थेट बादलीत उतरतं. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात काढून गुठळ्या, पाणी, रक्त दिसतंय का बघा. कास हाताळल्यावर सुटलेल्या पान्ह्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो, म्हणून त्या वेळेतच दूध संपवायचं. मुठीने काढा; अंगठा दुमडून काढण्याची सवय सडाला इजा करते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी (होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांचा संकर) वासराविना पान्हा सोडते. गीर गाईला मात्र बहुधा वासरू लागतंच, तिथे उगाच ओढत बसू नका.

दूध काढून झालं की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. तेवढा वेळ गाय उभी राहायला हवी, शेणात बसली तर जंतू आत शिरतात.

खुराकाचा (वैरणीवर देतात त्या पेंड-भरड्याचा) हिशोब असा: शरीरपोषणाला दीड किलो, वर प्रत्येक अडीच लिटर दुधामागे एक किलो. दहा लिटरच्या गाईला दिवसाला साडेपाच किलो, सकाळ-संध्याकाळ विभागून. आवडत्या गाईला जास्तीचं पाटीभर टाकणं हा नवख्यांचा नेहमीचा लाड. त्याने पोट आंबतं, रवंथ थांबतो, शेण पातळ होतं, आणि मग डॉक्टरांना उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. कडबा कुट्टीवर ओढणी, सैल बाही, हातात कडं नको. पात्यात अडकलेली वैरण मोटार बंद केल्यावरच काढा.

वासरू जन्मल्यावर दोन तासांच्या आत चीक (व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पाजा. पहिल्या दिवसाचा एकूण चीक वजनाच्या दहा टक्के, म्हणजे 30 किलोच्या वासराला तीन लिटर, दोन-तीन वेळा मिळून. उशीर झाला की आतडी चिकातली प्रतिकारद्रव्यं शोषणं थांबवतात. व्याल्यावर गाईची वार (गर्भावरचं वेष्टण) अडकली असेल तर उघड्या हाताने ओढू नका. गाईचा ब्रुसेल्ला जंतूचा आजार त्यातून माणसालाही होतो. हातमोजे घाला, डॉक्टरांना बोलवा.

माजाची खूण सकाळी दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी रेतन करतात. म्हणून नोंदवहीत गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासोबत वेळही लिहा, नुसतं ‘माजावर’ नको.