काळप्रवासाची कथा: आधी नियम, मग नायिका

भूतकाळ बदलतो की नाही, हे लिहायला बसण्याआधीच ठरवा. मी ‘बदलत नाही’च्या बाजूची, पेच तिथेच रंगतो. समजा, गोव्यातल्या प्रियोळची मुलगी मंगेशीच्या देवळातली समई घेऊन 1560मध्ये कुठ्ठाळीला पोचते. तिथल्या देवाला पोर्तुगीजांपासून वाचवायला जुवारी नदीपार, प्रियोळला नेणाऱ्यांच्या हाती ती समई देते. तीच समई पुढे देवळात लागते. मग घडवली कोणी? शिवाय दर फेरीला पितळ झिजणार, वातीची चोच पातळ होणार! म्हणून वस्तूऐवजी ओवी पाठवा. तिला घासूनपुसून ठेवावं लागत नाही.

आजोबांना मारायला निघालेला नातू नकोच, फार वापरून झालाय. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरचा 1967चा जनमत कौल उलटवायचाच असेल, तर काळाला दुसरी फांदी फोडा आणि नायिकेला तिथेच अडकवा. परतीचं तिकीट अजिबात देऊ नका.