हाय-ऑर्डर प्रवाह सिम्युलेशन: एलिमेंट केवढे, टाइम स्टेप केवढा?

भूमिती, सीमा-अटी आणि रेनॉल्ड्स संख्या (जडत्व आणि स्निग्धता यांच्या प्रभावाचं गुणोत्तर) ठरली आहे असं धरतो. सॉल्व्हर स्पेक्ट्रल एलिमेंट पद्धतीचा आहे, म्हणजे क्षेत्राचे तुकडे (एलिमेंट) पाडून प्रत्येकात उत्तर बहुपदीने मांडणारा.

पायरी १: ऑर्डर, म्हणजे त्या बहुपदीचा घात, ७ घ्या. ५ ते ९ मधलं काहीही चालतं. यावर आठवडा घालवू नका.

पायरी २: वेग झपाट्याने बदलतो तिथे एलिमेंट लहान, बाकीकडे मोठे. प्रक्षुब्ध प्रवाहात भिंतीपासूनचा पहिला बिंदू भिंत-एककांत (भिंतीवरचं घर्षण आणि स्निग्धता यांवरून ठरणारं लांबीचं एकक) १ च्या आत हवा. बिंदू म्हणतोय, एलिमेंट नाही! ऑर्डर ७ असताना एलिमेंट १५ एककं उंच असला तरी पहिला बिंदू १ च्या जरा खालीच पडतो. पहिला एलिमेंटच १ एककाचा करणारे फुकट मशीन जाळतात, आणि टाइम स्टेपही मातीत घालतात.

पायरी ३: टाइम स्टेप. इथे मी सपशेल आपटलोय, म्हणून जरा सविस्तर.

‘सीएफएल १ च्या खाली ठेवा’ हा सल्ला जो तो देतो. पण सीएफएल म्हणजे वेग गुणिले टाइम स्टेप भागिले अंतर, आणि यातलं अंतर नेमकं कुठलं ते कोणी सांगत नाही. एलिमेंटमधले गणनेचे बिंदू, म्हणजे गाउस-लोबाटो बिंदू, समान अंतरावर नसतात, एलिमेंटच्या कडांना ते दाटीने बसतात. ऑर्डर ७ ला सरासरी अंतर एलिमेंटच्या रुंदीच्या १४ टक्के असतं, पण कडेचं फक्त ६.४ टक्के. ऑर्डर १५ ला सरासरी ६.७ टक्क्यांवर येते, कडेचं अंतर मात्र थेट १.५ टक्क्यांवर. म्हणजे ऑर्डर दुप्पट केली की कडेचं अंतर साधारण चौथाई होतं. मी ७ वरून १५ वर गेलो तेव्हा टाइम स्टेप निम्मा केला आणि निश्चिंत झोपलो. सकाळी फाइलभर ‘नॅन’ (NaN, म्हणजे ‘हा आकडाच नाही’).

तेव्हा सीएफएल नेहमी खऱ्या बिंदूंच्या अंतरावरून, तिन्ही दिशांची बेरीज करून काढा आणि अख्ख्या क्षेत्रातली कमाल किंमत बघा. वेळेत तिसऱ्या ऑर्डरच्या अर्ध-अव्यक्त पद्धतीत (स्निग्धतेचं पद अव्यक्त, अरेषीय पद व्यक्त) मी ०.३ ने सुरुवात करतो आणि ०.५ च्या वर जात नाही. स्निग्धतेचं पद व्यक्त पद्धतीने, म्हणजे फक्त आधीच्या स्टेपच्या किमतींवरून, सोडवू नका. तिथे मर्यादा ऑर्डरच्या चौथ्या घाताने आवळत जाते, म्हणजे ऑर्डर दुप्पट तर टाइम स्टेप सोळावा हिस्सा.

तरीही स्फोट झाला, म्हणजे आकडे बेसुमार वाढून नॅन आले, तर टाइम स्टेप निम्मा-निम्मा करत बसू नका. स्फोटाच्या थोडं आधीच्या साठवलेल्या स्थितीपासून निम्म्या टाइम स्टेपने एकदाच चालवा. गाडी पुढे गेली तर दोष टाइम स्टेपचा. त्याच भौतिक वेळेला पुन्हा फुटलं, तर बहुधा रिझोल्यूशन अपुरं आहे किंवा अलायझिंग आहे (बिंदू कमी पडल्याने अरेषीय पदातले बारीक चढउतार चुकून मोठ्या चढउतारांत मिसळतात). अशा वेळी अरेषीय पदासाठी प्रत्येक दिशेने दीडपट बिंदू वापरा, तो एलिमेंट फोडा. ‘फिल्टर (सर्वात बारीक चढउतार कृत्रिमरीत्या दाबणारी युक्ती) वाढवा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. फिल्टरने स्फोट दबतो, चूक तशीच राहते.

पायरी ४: मेश न बदलता ऑर्डर ९ करा आणि टाइम स्टेप कडेच्या अंतरानुसार कमी करा. मग मूळ ऑर्डरवर टाइम स्टेप निम्मा करून बघा. दोन्ही बदल एकत्र केले तर काहीच कळत नाही. सरावाला दंडगोलावरचा, रेनॉल्ड्स संख्या १०० असलेला द्विमितीय प्रवाह घ्या. त्यात स्ट्राउहल संख्या (मागे भोवरे सुटण्याची एककरहित वारंवारता) ०.१६५ च्या आसपास यायला हवी. प्रत्येक एलिमेंटमधल्या मोडचे (उत्तर ज्या चढत्या घाताच्या बहुपदींत फोडतात त्यांचे) सहगुणकही तपासा. चढत्या मोडबरोबर ते भराभर घटले नाहीत, तर त्या एलिमेंटमधलं चित्र कितीही देखणं दिसो, पायरी २ वर परत जा.