एका बिलाचा माग: सॉफ्टवेअरमधल्या माहितीच्या प्रवासाचे टिपण कसे लिहावे

बिल करण्याचे सॉफ्टवेअर वेगळे, हिशेबाचे वेगळे आणि त्यापुढे सरकारी पोर्टल वेगळे असते, तेव्हा एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणी कशी पोहोचते हे बहुधा एकदोन जुन्या कर्मचाऱ्यांनाच ठाऊक असते, आणि त्यांच्यापैकी कोणी रजेवर गेले की महिनाअखेरचे काम अडते. हे ज्ञान कागदावर उतरवायचे असेल, तर सॉफ्टवेअरची यादी करून सुरुवात करू नये, कारण यादीतून जोडण्या दिसत नाहीत. नुकतेच पूर्ण झालेले एक खरे बिल हातात घ्यावे आणि ते कुठून निघाले व कुठे कुठे गेले, याचा माग काढावा.

समजा, सिंधुदुर्गातील एक काजू प्रक्रिया उद्योग आहे. घाऊक व्यापाऱ्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिल तयार होते, ते सरकारच्या ई-इनव्हॉइस (बिलाची ऑनलाइन नोंदणी) पोर्टलवर नोंदवले जाते, दिवसाअखेरीस सर्व बिलांची एक्सेल फाइल निघते आणि ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली जाते. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेली असेल, तर व्यावसायिकांना केलेल्या विक्रीसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. किरकोळ ग्राहकाच्या बिलाला मात्र ते लागत नाही. म्हणून किरकोळ विक्रीचे एक बिल आणि माल परत आल्याची एक क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा दस्तऐवज) यांचाही माग स्वतंत्रपणे काढावा.

प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक चौकोन आणि प्रत्येक देवाणघेवाणीसाठी एक बाण काढावा. व्हॉट्सॲपवरून हाताने उतरवून घेतलेली ऑर्डर हाही बाणच आहे. माणसाच्या हातून होणारे हे टप्पे आकृतीतून हमखास सुटतात आणि चुकाही तिथेच अधिक होतात, म्हणून हे काम रोज करणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी बसून, ती नेमके काय करते ते पाहूनच नोंद करावी. प्रत्येक बाणासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर काय जाते, कोणत्या स्वरूपात, किती वाजता, कोण पाठवते, पोहोचल्याची खात्री कशी होते आणि न पोहोचल्यास काय करावे, हे लिहावे. पासवर्ड त्यात लिहू नये. तो कोणाकडे आहे एवढेच लिहावे.

सर्वाधिक वेळ एका सॉफ्टवेअरमधला कोणता रकाना दुसऱ्यातल्या कोणत्या रकान्यात जातो, या जुळणीला द्यावा. काजूगराचा एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) ०८०१३२ हा शून्याने सुरू होतो, आणि फाइल एक्सेलमध्ये उघडताना तो रकाना मजकूर म्हणून ठरवलेला नसेल, तर ते शून्य गळून ८०१३२ उरते. मालवाहतुकीसाठीच्या ई-वे बिलाचा १२ अंकी क्रमांकही असाच ओळखू न येणाऱ्या रूपात दिसू लागतो. बिल क्रमांकाला १६ अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे क्रमांकात येणारे बिलांच्या मालिकेचे नाव लांबवताना ती आधीच नोंदवलेली बरी. ग्राहकाचे नाव दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे लिहिलेले असू शकते, म्हणून नोंदी कशावरून जुळवल्या जातात हे स्पष्ट लिहावे. जीएसटी क्रमांक सोयीचा वाटतो, परंतु एकाच क्रमांकावर एका राज्यातील अनेक दुकाने असू शकतात आणि किरकोळ ग्राहकाकडे तो नसतोच.

उलट दिशेने येणारे बाण विसरू नयेत. पोर्टलकडून ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो. क्यूआर कोड बिलावर छापला जातो का आणि आयआरएन टॅलीतील नोंदीपर्यंत पोहोचतो का, हे तपासून लिहावे. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून तयार होतो. त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही आणि रद्द केलेल्या बिलाचा क्रमांकही पुन्हा वापरता येत नाही. पोर्टलवर रद्द करण्याची मुदत २४ तासांची आहे. ती उलटल्यास क्रेडिट नोटचा मार्ग धरावा लागतो. नेट बंद पडल्यावर घाईत पुन्हा पुन्हा बटण दाबणाऱ्या कर्मचाऱ्याला ही माहिती त्याच पानावर मिळायला हवी.

एकच माहिती दोन वाटांनी एकाच जागी पोहोचत असेल, तर तिथे ठळक खूण करावी. ई-इनव्हॉइसचा तपशील जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रामध्ये आपोआप येतो, आणि टॅलीतून काढलेली फाइलही तिथेच चढवता येते. दोन्हींत फरक आढळल्यास कोणता आकडा ग्राह्य धरायचा, ताळमेळ कोणी आणि कोणत्या तारखेला घ्यायचा, हे आधीच ठरवून लिहावे; मासिक विवरणपत्राची मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेची असल्याने हा निर्णय शेवटच्या दिवसावर टाकू नये.

पूर्ण झालेले टिपण हे काम कधीही न केलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्यावे आणि केवळ त्याच्या आधारे एक बिल सुरुवातीपासून टॅलीपर्यंत नेण्यास सांगावे. आपण शेजारी बसावे, पण बोलू नये. तो जिथे थांबेल किंवा प्रश्न विचारेल, त्या बाणाचे पान त्याच दिवशी दुरुस्त करावे आणि दुरुस्तीची तारीख व दुरुस्त करणाऱ्याचे नाव त्याच पानाच्या तळाशी लिहावे.