मेडिकलला लागलात? मग मोबाईलवर अभ्यास कसा करायचा ते वाचा

नागपुरात मेडिकल किंवा मेयोला (दोन्ही सरकारी मेडिकल कॉलेजं) ॲडमिशन झाली की सिनियर लोक पहिल्याच आठवड्यात टेलिग्राम ग्रुप, ड्राईव्हच्या लिंका आणि कुठल्यातरी ॲपचं सबस्क्रिप्शन असं सगळं गळ्यात मारतात. पोरं मग रात्रभर दुप्पट स्पीडवर लेक्चर बघून राहिलेत, अन् सकाळी वॉर्डात सरांनी विचारलं की तोंड बंद. माझं मत विचाराल तर आधी पेशंट, मग स्क्रीन.

आता सिकलसेलचंच घ्या (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार), आपल्या विदर्भात हा पेशंट दिसतोच. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याचा झटका येऊन आलेला पोरगा, हाडं दुखून राहिलीत, त्याची हिस्ट्री तुम्ही स्वतः घ्या, पोटाला हात लावून बघा, आणि त्याच संध्याकाळी एनसीबीआय बुकशेल्फ या ऑनलाइन वैद्यकीय ग्रंथालयात स्टॅटपर्ल्स या लेखसंग्रहातला सिकलसेलवरचा लेख उघडा, फुकट आहे. लहानपणी स्प्लीन (प्लीहा) मोठी लागते आणि पुढे इन्फार्क्ट होऊन होऊन (रक्त न पोचल्याने भाग मरून) आक्रसून जाते, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने हिमोग्लोबिन एफ (गर्भात असतं ते हिमोग्लोबिन) वाढतं म्हणून क्रायसिस कमी येतात, हे सगळं त्या पोराच्या चेहऱ्यासकट लक्षात राहतं. नुसत्या व्हिडिओने नाही राहत.

मग अँकी या उजळणीच्या फ्लॅशकार्ड ॲपात कार्ड बनवा. एका कार्डावर एकच प्रश्न. उदाहरणार्थ, सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट (पहिली चाळणी तपासणी) पॉझिटिव्ह आली, पुढे काय? उत्तर: इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या), कारण सोल्युबिलिटीवरून वाहक आहे की रोगी ते कळत नाही. दुसऱ्याचा रेडिमेड डेक (कार्डांचा गठ्ठा) उतरवून घ्यायचा मोह होतो, पण स्वतः कार्ड लिहिताना अर्धा अभ्यास तिथंच होतो. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट, लॅपटॉपवरही फुकट, आयफोनवाल्यांना मात्र पैसे मोजावे लागतात.

मर्मर (हृदयाचे जादा आवाज) वगैरे ऐकायला यूट्यूब चांगलं, फक्त इअरफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर लो पिच आवाज येतच नाहीत.

आणि हो, ग्रुपवर एक्स-रे टाकताना कोपऱ्यातलं पेशंटचं नाव कापा बरं, आणि त्याला न विचारता फोटो काढूच नका, "आपलाच ग्रुप आहे" म्हणत तो फोटो कुठल्या कुठे जातो.

पीजीला आलेल्यांनी एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) बायोमेडिकल रिसर्चचा कोर्स लवकर उरकून टाका, तो करावाच लागतो, आणि थीसिसचे रेफरन्स पहिल्या दिवसापासून झोटेरो या रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत चला, शेवटी हाताने नंबर बदलत बसलेले रेसिडेंट बघवत नाहीत.